लाकडाची थ्री नॉट थ्री: आकार, जोड आणि रंग

तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात पुन्हा मांडतो. पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनला लढले. गावातलं मंडळ यंदा गणपतीत त्यावर जिवंत देखावा करतंय, त्यासाठी पाच-सहा रायफली हव्या आहेत आणि एक नीटस केलेली घरी पणजोबांच्या फोटोखाली लावायची आहे. लाकूड कोणतं घ्यावं, नळीला पाइप चालेल का, बोल्ट, म्हणजे गोळी भरायला ओढायची दांडी, मागेपुढे सरकणारा करावा का आणि रंग कसा द्यावा म्हणजे खेळणं वाटणार नाही, असं तुम्ही विचारलंय. नाटकं, देखावे आणि लहानसहान संग्रहालयं यांच्यासाठी मी अशा प्रतिकृती बरीच वर्षं करतोय, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

पाइप वापरू नका आणि बोल्ट हलता ठेवू नका. या दोन्ही बाबतीत मी गिऱ्हाइकाचं ऐकत नाही.

पाइपचं आधी सांगतो. आरपार भोक असलेली लोखंडी नळी लाकडी दस्त्यावर चढवली की बघणाऱ्या पोलिसाला त्यात देखावा दिसत नाही, कट्टा दिसतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात नकली अग्निशस्त्राची व्याख्या आहे: दिसायला अग्निशस्त्रासारखी असलेली कोणतीही वस्तू, तिच्यातून गोळी सुटो की न सुटो. अशा वस्तूचं खऱ्या शस्त्रात रूपांतर करायला कलम ६ प्रमाणे परवाना लागतो. कलम २८ आणखी पुढे जातं. अटक टाळण्यासाठी कुणी नकली शस्त्राचा नुसता वापर केला तरी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गणपतीच्या देखाव्यातल्या लाकडी बंदुकीचा या भानगडींशी संबंध येऊ नये असं वाटत असेल तर ती आतून ठार भरीव ठेवा. नळीच्या जागी सळई घालायची. तोंडाला तीन-चार मिलिमीटरची खळी पाडून आत काळा रंग दिला की नळी पोकळ दिसते, तेवढं पुरे.

शिवाय तुम्हाला जी रायफल हवी आहे तिची नळी दिसतेच कुठे? शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्डची, म्हणजे आपल्या थ्री नॉट थ्रीची, ओळखच ही की लाकूड अगदी टोकापर्यंत जातं. पुढच्या लोखंडी टोपीच्या बाहेर नळीचं जेमतेम टोक डोकावतं. बोल्टचंही तसंच. देखाव्यात उभा राहिलेला पोरगा तो खटखट ओढून दुसऱ्या रात्री तोडणार. बोल्ट कोरून अंगाशी पक्का चिकटवा. त्याची मूठ मात्र वेगळी करून आत सहा मिलिमीटरची खिळी घाला, कारण हात आपोआप तिथेच जातो आणि नुसती चिकटवलेली मूठ टिकत नाही.

आता मॉडेल नक्की करा. इंटरनेटवरचे फोटो घेताना इथेच घोळ होतो. केरेनसाठी हवी ती १९०७ मध्ये आलेली मार्क तीन, किंवा पहिल्या महायुद्धात घाईघाईने उत्पादन वाढवताना काही भाग गाळून केलेली मार्क तीन स्टार. मॅगझिनवरची, म्हणजे गोळ्यांच्या पेटीवरची, सरकती पट्टी आणि डाव्या अंगाचं लांब पल्ल्याचा नेम धरायचं तबकडीसारखं साइट हे त्या गाळलेल्या भागांपैकी. आपल्याला हे सोयीचंच आहे, स्टार करा. तिच्याऐवजी लोक दोन भलत्याच रायफली उचलतात. एक नंबर चार: तिच्यात नळीचं टोक लाकडाबाहेर चांगलं लांब येतं. दुसरी बंगालमधल्या इशापूर कारखान्याची टू-ए किंवा टू-ए-वन: ती १९६० च्या दशकातली, ७.६२ मिलिमीटरची, आणि तिचं मॅगझिन खाली चौकोनी, ठोकळेबाज असतं. मार्क तीनचं मॅगझिन पुढून मागे तिरपं होत जातं. १९४१ च्या देखाव्यात टू-ए-वन दिसली की गावातला एखादा निवृत्त सुभेदार पुढे येऊन सांगणारच. (पुढेमागे पहिल्या महायुद्धाचा देखावा करणार असाल तर ध्यानात असू द्या: १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेल्या हिंदी पलटणींना मार्सेल्सला उतरल्यावर नव्या मार्क तीन मिळाल्या. त्याआधी त्यांच्याकडे जुन्या होत्या.)

मापाचं काम सुताराकडे जायच्या आधी घरी बसून करा. पूर्ण लांबी साडेचव्वेचाळीस इंच, म्हणजे ११३ सेंटिमीटर, हे एक माप हातात असलं की बाकीची फोटोवरून काढता येतात. फक्त फोटो बरोब्बर बाजूने आणि लांबून झूम करून काढलेला हवा. जवळून मोबाइलने काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो, टोकं बारीक होतात, आणि तीच चूक मग लाकडात उतरते. फोटो ११३ सेंटिमीटरला वाढवून तुकड्यातुकड्याने छापा, कागद जोडून पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा आणि ते पुठ्ठ्याचं सोंग दोन दिवस भिंतीला टेकवून ठेवा. येता-जाता बघा. दस्त्याचा उतार आणि मनगट, म्हणजे घोड्याच्या मागची पकडायची बारीक जागा, या दोन ठिकाणी नजर अडकत असेल तर आत्ताच दुरुस्त करा. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरचं संग्रहालय किंवा पुण्यात घोरपडीचं राष्ट्रीय युद्ध संग्रहालय बघायला जमलं तर बाजूपेक्षा वरून आणि खालून काय दिसतं ते नीट बघून घ्या, कारण फोटोत नेमकं तेच सापडत नाही.

लाकूड. इंग्लंडमध्ये अक्रोड वापरत, नंतर बीचही आलं, ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्याने तिथलं कोचवुड वापरलं. आपल्याकडे अक्रोड परवडायचं नाही. घरच्या रायफलीसाठी स्टीम बीच घ्या, वखारीत मिळतं, रेषा बारीक असते आणि रंग छान पितं. सुतार सागवान सुचवेल, कारण त्याला ते हातचं आहे. सागवानाने काम होतं, पण त्याच्या अंगात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे वरून लावलेलं जवसाचं तेल चिकट राहतं, आणि सोनेरी छटा काही केल्या पूर्ण जात नाही. शिसम दिसायला सुंदर, पण जड आणि रेषा फार बोलकी. सैन्याची रायफल इतकी नटवी नसते. देखाव्याच्या पाच-सहा रायफलींना पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन भरपूर झालं. पंधरा फुटांवरून बघणाऱ्याला लाकडाची जात कळत नाही, कळते ती बाह्यरेषा आणि चकाकी.

या रायफलीचा दस्ता आणि पुढचा भाग वेगवेगळे असतात, मध्ये लोखंडी सॉकेट येतं. नवशिक्यासाठी ही मोठी सोय. जर्मन माउझरसारखं एकसंध लाकूड असतं तर मीटरभराची निर्दोष फळी शोधावी लागली असती आणि तरी मनगटाशी रेषा आडवी जायची भीती राहिली असती. इथे दस्त्याचा तुकडा असा आखा की लाकडाची रेषा मनगटातून लांबीच्या दिशेने सरळ निघेल. रेषा तिथे तिरपी कापली गेली की रायफल हातातून पडल्यावर पहिली तिथेच मोडते. जोडासाठी दस्त्यात आणि सॉकेटच्या ठोकळ्यात मिळून बारा मिलिमीटरची सळई घाला, अरल्डाइटने बसवा.

पुढच्या लांब भागात सळईसाठी खाच करायला गोल पटाशी नसेल तर एक सोपी वाट आहे. एकच फळी उभी चिरून दोन पाती करा, दोन्हींत अर्धी-अर्धी खाच रंधून घ्या आणि पुन्हा फेविकॉलने जोडा. फळी एकच असल्याने रेषा जुळतात, सांधा खालून गेला तरी दिसत नाही. सळई सोळा मिलिमीटरची भरीव घेतलीत आणि नळीच्या लांबीइतकी, म्हणजे साधारण ६४ सेंटिमीटर ठेवलीत, तर तिचंच वजन किलोभर भरतं. खरी रायफल ३.९ किलोच्या आसपास असते. लाकूड आणि सळई मिळून दोन-सव्वादोन किलो होतील, देखाव्यात अर्धा तास खांद्यावर धरायला ते ठीक आहे. घरच्या रायफलीला वजन हवं असेल तर दस्त्यात मागून भोक पाडून सळईचे तुकडे भरा. सळई पूर्ण लांबीत चिकटवू नका, दोन ठिकाणी पुरे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, लोखंड फुगत नाही, आणि पूर्ण चिकटवलेलं लाकूड मग चिरतं.

आता या कामाचा खरा कस. प्रतिकृती ओळखू येते ती लाकूड आणि लोखंड जिथे भेटतं त्या रेषेवर. दस्त्याचं लाकूड सॉकेटला भिडतं तिथे खऱ्या रायफलीत ते लोखंडापेक्षा केसभर वर उठलेलं असतं आणि त्याची कड धारदार असते. मॅगझिनभोवती, मागच्या साइटच्या दोन्ही कानांशी, पुढच्या टोपीत लाकूड शिरतं तिथेही तसंच. आपण काय करतो? बोटांत पॉलिश पेपर धरून घासत बसतो. बोट मऊ, त्यामुळे कागद कडेवरून घसरतो आणि कड गोल होते. सगळ्या कडा अशा गोल झाल्या की कितीही उत्तम रंग द्या, वस्तू साबणाच्या वडीसारखी दिसते. म्हणून जोडाच्या दोन इंचांत कागद नेहमी सपाट ठोकळ्याला गुंडाळून चालवा, आणि शेवटचा हात धातूचे भाग जागेवर तात्पुरते बसवून मारा. वापराने झिजलेल्या कडा दाखवायच्या असतील तर त्या नंतर आणि मोजक्या जागी करता येतात. गेलेली धार मात्र लांबी (पुट्टी) भरून परत येत नाही.

लोखंडी दिसणाऱ्या भागांपैकी सॉकेट, वरची बॉडी आणि मॅगझिन मी बीचच्याच लाकडात कोरतो. पुढची टोपी, साइटचे कान, घोड्याभोवतीची कडी हे ॲल्युमिनियमच्या पट्टीतून किंवा थ्री-डी प्रिंट करून. प्रिंट करणार असाल तर फक्त बाहेरचा आकार, आत भरीव. पीएलए प्लॅस्टिक साधारण साठ अंशांना मऊ पडतं, त्यामुळे मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या टोप्या वाकड्या होऊन निघतात, विदर्भात तर हमखास. प्रिंटच्या थरांच्या रेघा घालवायला प्रायमर जाड मारा, मग २२०, ४०० आणि शेवटी ८०० नंबरचा पाणपेपर. सुकला की तिरप्या उजेडात धरून बघा, एकही रेघ दिसली तर परत. काळ्या रंगाखाली रेघ जास्तच उठून दिसते.

स्क्रू सगळे मायनसचे घ्या. प्लसचा एक स्क्रू दिसला की खेळ संपला. दस्त्याच्या मागची पाटी पितळेची असते, तिच्यात एक छोटं झाकण, आत तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी ठेवायची जागा. झाकण उघडतं ठेवायला हरकत नाही, घरच्या रायफलीत ते एवढं एकच हलणारं अंग मी ठेवतो. पितळी पत्रा कासाराकडून घ्या. नवा पत्रा फार पिवळाधमक दिसतो. झाकणाच्या डब्यात तळाला थोडा अमोनिया आणि वर काडीला टांगलेला पितळी तुकडा असं ठेवलं की तो तपकिरी पडतो, मग उंच जागा चिंचेने घासून उजळायच्या. अमोनियाचा डबा अंगणात उघडायचा, स्वयंपाकघरात नाही.

धातूच्या रंगाला लोक चंदेरी स्प्रे मारतात आणि सगळं घालवतात. आधी साटिन काळा, दोन पातळ हात. पूर्ण वाळल्यावर ग्राफाइटची पूड सुती फडक्याने चोळायची, मुख्यतः कडांवर आणि फुगीर जागी. खोलगट जागी काळाच राहू द्या. हात लावून थंड लोखंड वाटेल असा मंद करडा तजेला येतो. झीज दाखवायची ती जिथे हात आणि जमीन लागते तिथेच: बोल्टची मूठ, पुढच्या टोपीच्या कडा, मॅगझिनचं बूड. सगळीकडे सारखी झीज हे नाटकी काम. आणि रंग थोडा काळाकुट्ट झाला तर घाबरू नका, आपल्याकडच्या बऱ्याच रायफलींवर नंतरच्या काळात सरळ काळा रंगच चढवलेला असे.

लाकडाला व्हार्निश, मेलामाइन किंवा पीयू मुळीच नको. सैन्यात लाकडाला जवसाचं तेल पाजत, चकाकी कुणाला नको होती. शेवटच्या कागदानंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसा, रोमं उभी राहतील, वाळू द्या, परत हलका कागद मारा. दोनदा केलं की पुढे घामाच्या हातानेही खरखर येत नाही. रंगासाठी पोटॅशियम परमँगनेटचं पातळ पाणी झकास: ओतताना जांभळं, वाळताना तपकिरी. उन्हात ते उडतं म्हणून वर अक्रोडी स्टेन आणि किंचित लाल. मग जवसाचं तेल टर्पेन्टाइनमध्ये निम्मं करून पहिला हात, वीस मिनिटांनी जे पोटात गेलं नाही ते पुसून काढायचं. पुढचे हात तसेच पातळ, दोन हातांमध्ये निदान एक दिवस. कच्चं तेल जून ते सप्टेंबर कोकणात तर वाळतच नाही, उलट बुरशी धरते. देखाव्याची तारीख गाठायची म्हणजे उकळलेलं, लवकर वाळणारं घ्या आणि तेलाचं काम जुलैअखेरीला संपवा.

तेलाच्या फडक्यांबद्दल गंभीरपणे सांगतो. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. चोळामोळा करून कोपऱ्यात टाकलेलं फडकं काही तासांत आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतं. मंडळाच्या शेडमध्ये थर्मोकोल आणि कापड पसरलेलं असतं, तिथे हे अजिबात नको. फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

जुनेपण आणायला साखळीने बडवू नका. दस्त्याला चार खोल, दहा हलके खड्डे पुरतात. पुढच्या भागावर तांब्याची तार गुंडाळून झाळलेल्या रायफली तुम्हाला फोटोत दिसतील. त्या नळीच्या तोंडाला पेला लावून ग्रेनेड फेकायच्या, लाकूड फुटू नये म्हणून तार. सहापैकी एकीवर अशी तार घातलीत तर देखाव्यात शोभेल, सगळ्यांवर नको. सॉकेटवर मुकुट, जीआरआय (राजा जॉर्जची आद्याक्षरं), इशापूर आणि साल अशी खूण असते. ती पुसट रंगवली तर ठीक, पण पितळी पाटीखाली लाकडावर 'लाकडी प्रतिकृती' आणि केल्याचं साल सळईने डागून ठेवा. पन्नास वर्षांनी नातवंडांपैकी कुणी ती जुन्या बाजारात नेली तर घेणारा फसणार नाही.

मंडळाच्या लेटरहेडवर किती प्रतिकृती, कशाच्या, कोणत्या तारखांना, एवढं लिहून पोलीस ठाण्यात आधीच देऊन ठेवा आणि पोच घ्या. ने-आण कापडी पिशवीत, मोटरसायकलवर उघडी धरून नाही. तालमीचे रायफल रोखलेले फोटो पोरांनी स्टेटसला टाकू नयेत हे अध्यक्षांनी एकदा दम भरून सांगावं. विमानात हातातल्या सामानात प्रतिकृतीही चालत नाही. परदेशातल्या मराठी मंडळांतूनही विचारणा येते म्हणून: ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली शस्त्रं बनवण्या-विकण्यावर बंदी आहे, नाटक-संग्रहालयासारख्या कामांना सवलत आहे. अमेरिकेत विक्रीच्या नकली बंदुकीला तोंडाशी भडक नारिंगी खूण लागते, रंगभूमी-चित्रपटाला अपवाद. आजच्या सैन्या-पोलिसांकडच्या रायफलींच्या प्रतिकृती मी कुणालाच करून देत नाही, देखाव्यालाही नाही. रात्रीच्या अंधारात कुणी गफलत केली तर निस्तरायला वेळ मिळत नाही.

राहिली संगीन. १९०७ च्या नमुन्याचं पातं सतरा इंची, आणि केरेनचा देखावा म्हणजे चढाई, त्यामुळे ती हवीच असा आग्रह होणार. गर्दीच्या स्टेजवर लाकडीसुद्धा नको, डोळ्यात जाईल. फोमच्या शीटचं पातं करून वर पातळ लॅटेक्स आणि ग्राफाइट चालवा, किंवा सगळ्यांच्या कमरेला नुसती म्यान लटकवा. पट्टा चामड्याचा करू नका. खाकी सुती पट्टा, सव्वा इंच रुंद, टोकांना पितळी पत्रा. दप्तरं शिवणाऱ्याकडे ही पट्टी मिळते. चहाच्या पाण्यात उकळून उन्हात टाकली की नवेपणा जातो.